लॉटरीवाल्याच्या घरचे रोडगे

“मावशी, साऱ्या गावाले चूलबंद आवतन देल्लं म्या,” गजानन म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलून बसला.

मी परातीत कणीक मळत होते. हात तिथेच थांबले.

चूलबंद म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या वऱ्हाडात जेवायला बोलवायचे दोन प्रकार. एक घरटी, म्हणजे घरातून एका माणसाने यायचं. दुसरं चूलबंद. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही. म्हातारा, म्हातारी, सून, लेकरं, घरी पाहुणा आला असेल तर तोसुद्धा, सगळे जेवायला आमच्याकडे. ऐकायला मोठं गोड वाटतं. पण जिला रांधायचं असतं तिला विचारा. दोनशे घरांचं गाव घरटी बोलावलं तर दोनशे पानं. तेच चूलबंद बोलावलं तर हजाराच्या वर. म्हणून ऑर्डर घेताना माझा पहिला प्रश्न हाच असतो. मेनू, तारीख, सगळं त्याच्या मागून.

मी अकोल्यात स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. आताची पोरं त्याला कॅटरिंग म्हणतात. म्हणोत बापडी. शिकले मी सातवीपर्यंत आणि स्वयंपाक शिकले तो दुसऱ्यांच्या पंगतीत भांडी घासता घासता. माझं नाव आहे ते रोडग्यांसाठी. कणकेच्या छोट्या पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. राख झटकली की आत पदर सुटलेले दिसतात. तो कुस्करायचा, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. नवस फेडायचा म्हटलं की आमच्याकडे रोडगेच.

तर गजाननला नवस फेडायचा होता. त्याला लॉटरी लागली होती. दिवाळीचं बंपर तिकीट. टॅक्स कापून एकवीस लाख हातात आले. तोपर्यंत हा माणूस अकोल्यात ऑटो चालवायचा. आणि त्याची बायको शोभा माझ्याकडे कामाला. चांगली दहा-बारा वर्षं झाली. रोडगा वळावा तर शोभानेच. तिचा रोडगा निखाऱ्यात कधी फुटत नाही.

तिकीट कुणाच्या पैशाचं होतं ते पण सांगून टाकते. एका लग्नाच्या ऑर्डरीचे पैसे मी शोभाच्या हातात दिले होते, त्यातनं त्याने ते घेतलं. तिनेच सांगितलं मला, हसत हसत. तेव्हा हसू येत होतं तिला.

त्या दिवशीही शोभा तिथेच बसून लसूण सोलत होती. चूलबंद ऐकून तिने मान वर केली नाही.

मी विचारलं, “गजानन, घरात सल्ला केला का तू?”

“कोनासंग?”

“लसूण सोलून राहिली तिच्यासंग.”

“तिले काय इचारायचं मावशी? देवाचं काम हाय. देवाच्या कामात बायको आडवी येते का?”

“देवाने सांगितलं का तुले, चूलबंद कर म्हणून?”

तो हसला. वाईट माणूस नव्हता हो. तेच तर दुखतं. पुढे वाकून म्हणाला, “मावशी, वीस वर्सं मी त्या गावात दुसऱ्याच्या पंगतीत जेवलो. सगळ्यात मागच्या लाइनीत. वाढनारा माह्या पानापाशी आला की भाजी सरे. आता माह्या नावानं गाव जेवू द्या ना एक डाव.”

नवस बोलला तर फेडलाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. पण मला शोभाचं माहीत होतं. तिला घर पाहिजे होतं. बंगला नाही, दोन खोल्या. लग्नापासून भाड्याच्या खोल्यांत राहिली ती. एका ठिकाणी मालक पाणी बंद करायचा, दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाई पाहुणे मोजायची. मला एकदा म्हणाली होती, “मावशी, पोरीचा फोटो लावा म्हटलं त भितीले खिळा ठोकाले मालकाले इचारा लागते. मले माह्या स्वतःच्या भितीत एक खिळा ठोकायचा हाय बस.”

माझ्या गल्लीत एक रिटायर्ड मास्तर आहेत. बायपासच्या पलीकडे त्यांचा एक लहान प्लॉट विकायचा होता. नऊ लाख मागत होते. मी शोभाला नेऊन तो दाखवून आणला. ती त्या मोकळ्या जागेत चपला काढून उभी राहिली. मास्तर म्हणाले, “तुमच्या शब्दावर गुढीपाडव्यापर्यंत थांबतो. त्याच्या पुढे नाही.”

म्हणून गजाननला मी सरळ सांगितलं, “हा एक कार्यक्रम करते मी. अन् हा झाला की दुसऱ्या दिवशी मास्तरले प्लॉटचा इसार. कबूल असन त पीठ काढते.”

त्याने गळ्याला चिमटा घेतला. “आन मावशी.”

शोभाने तेव्हा मान वर केली. एकदाच.

कार्यक्रम त्याच्या गावाला, मूर्तिजापूरच्या पलीकडे, मारोतीच्या देवळापुढच्या वावरात. बायका पहाटेपासून कणीक मळत होत्या. रोडगे छान झाले. गाव जेवलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. मागच्या लाइनीत जेवणारा गजानन आज धोतर-टोपीवाल्यांच्या पानावर स्वतःच्या हाताने तूप वाढत होता. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

मग माइक आला.

माझ्या धंद्यात मी इतक्या पंगती पाहिल्या, पण माइकसारखी वाईट वस्तू दुसरी पाहिली नाही. आमच्याकडे पंगतीत देणगी पुकारतात. कुणी फरशी देतो, कुणी घंटा देतो, माइकवर नाव येतं, लोक टाळ्या वाजवतात. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब म्हणून गृहस्थ, चाळीस एकर जमीन, त्यांनी माइक धरला. म्हणाले, “गजाननभाऊ आपल्या गावचा हिरा हाय. पण एक गोष्ट मनाले लागते. आपल्या गावाले पंगतीची भांडी नाईत. दर टायमाले भाड्यानं आना लागतात. एखाद्या दिलदार मानसानं मनावर घेतलं त...”

आणि साऱ्या गावाने माना वळवल्या. बापूसाहेबांकडे नाही हो, चाळीस एकरवाल्याकडे कोण बघतं? लोक बघत होते गजाननकडे.

मी वरणाच्या गंजापाशी, त्या मोठ्या पातेल्यापाशी होते. ओरडावंसं वाटलं. त्याचा हात वर गेला होता.

शोभा निखाऱ्यापाशी होती. चिमटा बाजूलाच पडलेला, तरी तिने रोडगा हातानेच उचलला.

पुढचे दोन महिने मला एकेक बातमी कळत गेली. भांडी म्हणजे साधी भांडी नाहीत. हजार ताटं, वाट्या, गंज, कढया, पाण्याच्या टाक्या आणि प्रत्येकावर मशीनने कोरलेलं नाव. चुलतभाऊ दिलीपला जीप घेऊन दिली, परतवाड्याहून चिखलदऱ्याला सवाऱ्या मारायला, पार्टनरशिपमध्ये म्हणे. पार्टनरशिपचा कागद नाही, भाऊ आहे म्हणून. मामाच्या पोराला दुकान टाकायला पैसे दिले. स्वतःचा ऑटो विकून टाकला. मी विचारलं कावून रे विकला, तर म्हणतो, “मावशी, लोक हासतात. लॉटरीवाला ऑटो चालवते का?”

“अन् मास्तरचा इसार?”

“देतो ना. पैसा कुठी पळून राहिला?”

पळतच होता. ह्याला दिसत नव्हता.

आणि मग तो दुसरी ऑर्डर घेऊन आला. भांड्यांचं लोकार्पण. पुन्हा गाव चूलबंद. बापूसाहेबांच्या हस्ते फीत कापायची. मी म्हटलं, “भांडी तू देल्ली, फीत तो कापन?”

“मोठे मानसं हायेत ते मावशी. पुढं ग्रामपंचायतीत मले उभं करतो म्हनतात.”

“माह्याकडून नाई होत,” मी सांगितलं. “पहिले इसार, मंग रोडगे. आपलं ठरलं होतं.”

“तुमाले मी दुप्पट रेट देतो.”

त्या वेळी मला जो राग आला तो आजही गेलेला नाही. मी म्हटलं, “ऊठ. चहा पी आन् जाय. तुह्या बायकोच्या घरातल्या विटा मले वाढायच्या नाईत पंगतीत.”

तो चहा न पिता गेला. अमरावतीहून एक कॅटरर ठरवला. चकचकीत गाडी, कोट घातलेले वाढपी, आणि गावातल्या पंगतीत स्टीलचे काउंटर.

लोकार्पणाच्या दिवशी दुपारी शोभाचा फोन. मागे नुसता गलका. “मावशी, जेवन सरलं. लोक पानावर बसले हायेत. तुमी या ना. मी पाया पडते तुमच्या.”

झालं काय होतं, ते पोचल्यावर कळलं. अमरावतीच्या पोराने फोनवर विचारलं होतं, आवतन किती? गजानन म्हणाला, दोनशे घरं. पोराने दोनशे प्लेट धरल्या, वर थोड्या जास्तीच्या. चूलबंद हा शब्द त्याला कुणी सांगितलाच नाही. सांगायचं काय त्यात, असं इकडच्यांना वाटलं. शहरातल्या पोराला घर म्हणजे एक प्लेट. तो बिचारा कोट काढून घामाघूम उभा होता. मला म्हणाला, “मॅडम, एका घरातून नऊ-नऊ माणसं येऊन राहिलीत! मी काय करू?”

त्याच्यावर मी रागावले नाही. त्याची चूक नव्हती.

पहिली पंगत उठून गेलेली. दुसरी पानं मांडून बसलेली, ऊन डोक्यावर, लेकरं रडत होती. चूलबंद आवतन असलं की घरी जाऊन तरी काय खाणार, कुणाच्याच घरी चूल पेटलेली नाही. म्हाताऱ्या बायका उठेनात. बापूसाहेब मांडवात खुर्चीवर. ते पहिल्याच पंगतीत जेवून मोकळे झाले होते.

मी टेंपोतून तीन बायका घेऊन गेले होते. गजानन धावत आला. अंगात कुर्ता, डोक्यावर फेटा, डोळे लाल. “मावशी, इज्जत वाचवा. काय लागन ते घ्या.”

“मले काई नको,” मी म्हटलं. “फोन काढ. मास्तरले एक लाख पाठव. आत्ता, माह्या डोळ्यादेखत. इसार पोचला की मी चूल पेटवते.”

हो, तशी वेळ नव्हती ती. लोक उपाशी बसलेले असताना असं अडून धरणं बरं नाही, हे मला कळत होतं. पण माझ्याकडे हीच एक घडी होती. पाडवा पुढच्या आठवड्यात होता. त्याने माझं ऐकावं अशी गरज त्याला नंतर कधी पडणार नव्हती.

बापूसाहेब मांडवातूनच म्हणाले, “बाई, हे घरचे सौदे नंतर करा. आधी पंगत.”

“तुमचं झालं ना जेवून? मंग बसा.”

गजाननने फोन काढला. मास्तरांचा नंबर टाकला. एक लाख लिहिले. अंगठा दाबला. थांबला. पुन्हा दाबला. मला वाटलं रेंज नसेल. मग त्याचं तोंड पाहिलं आणि फोन त्याच्या हातातून घेतला.

खात्यात चोवीस हजार होते.

मी म्हटलं, “दुसरं खातं?”

त्याने डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला.

“एफडी? पोस्टात? काई?”

“मले वाटे हायेत अजून,” गजानन म्हणाला. “दिलीप वापस करनार होता. मले वाटे...”

शोभा माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला, पाहिला आणि नवऱ्याच्या खिशात ठेवला. हळू, जसा कुणी झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवतो. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर त्याला मारेल. मारलं असतं तर मी धरलं नसतं.

ती म्हणाली, “मावशी, चूल पेटवा. लोक पानावर हायेत. त्याईचा काय दोष?”

“त्याईचाच दोष हाय!” मी ओरडले. सगळ्यांना ऐकू गेलं. जाऊ दे. “दोन डाव जेवले, भांडी घेतली, जीप घेतली, कोनाले वाटलं का याच्या लेकराले घर हाय का इचारावं?”

माना खाली गेल्या. पानं मात्र कुणी उचलली नाहीत.

मग शोभाच खाली बसली आणि तिने गोवऱ्या रचल्या. तिने रचल्यावर मी काय करणार? रोडग्यांना वेळ नव्हता. किराणा दुकानातून तांदूळ, तूरडाळ, तेल मागवलं, मसालेभात आणि वरण टाकलं. भांडी होतीच, नवी कोरी, अजून दुकानाचे स्टिकर लागलेली. त्या गंजांत शिजलेलं ते पहिलं अन्न. सगळे जेवले. पाणी पिऊन एक गृहस्थ माझ्यापाशी आले आणि विचारतात, “बाई, गोड काई नाई का?”

पळी माझ्या हातात होती. मी ती गंजाच्या काठावर अशी आपटली की तो दोन पावलं मागे गेला. एवढंच. हजार माणसं जेवून गेली, त्यातल्या एकानेही शोभाकडे पाहिलं नाही.

पाडव्याला मी मास्तरांकडे गेले. म्हटलं, विका. त्यांनी महिनाभर आणखी वाट पाहिली, मग विकला. आता तिथे कुणाचा तरी दुमजली बंगला आहे. दिलीपची जीप घाटात बंद पडली ती पडली, आणि दिलीप फोन उचलेनासा झाला. मामाच्या पोराचं दुकान चाललं नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बापूसाहेबांनी स्वतःच्या पुतण्याला उभं केलं. गजानन आता दुसऱ्याचा ऑटो भाड्याने चालवतो. स्टँडवर त्याला अजून लॉटरीवाला म्हणतात. हाक मारणारे तेच, जे तेव्हा पेढे खायला आले होते.

लोक मला म्हणतात, नशिबाचा पैसा, आला तसा गेला. मला या वाक्याची चीड आहे. पैसा आपल्या पायाने जात नाही. नेणाऱ्यांची तोंडं मी पाहिली आहेत, त्यांच्या पानात मी स्वतः वाढलं आहे.

मागच्या हिवाळ्यात बापूसाहेबांकडूनच मला ऑर्डर आली. नातवाचं बारसं, पाचशे पान. मी घेणार नव्हते. शोभा म्हणाली, “घ्या मावशी. काम हाय आपलं.” म्हणून गेले.

देवळातून भांडी आली. कमिटी आता ती भाड्याने देते, ताटामागे पैसे घेते. कार्यक्रम आटोपला आणि बायका हौदापाशी घासायला बसल्या. शोभाच्या पुढ्यात ताटांचा ढीग. प्रत्येक ताटाच्या काठावर कोरलेलं: दानदाता, आणि पुढे गजाननचं पूर्ण नाव. ती राखेने घासत होती, नावावरून बोट फिरत होतं, पुन्हा पुढचं ताट.

बापूसाहेब कमरेवर हात ठेवून आले. “चांगली घासा बाई. मोजून द्या बरं, दर डावाले एकदोन ताटं कमी भरतात. कमी भरलं त पैसे कापीन मी.”

शोभाने हात धुतले. पदराला पुसले. “बापूसाहेब, या ताटाईत माह्यं एक घर गेलं. ते कोनाच्या पैशातून कापता?”

बापूसाहेब ओशाळले नाहीत. अशी माणसं ओशाळत नसतात. समजावल्यासारखं म्हणाले, “दान देल्लं की मंग मोजत नसते बाई.”

“मंग तुमी कावून मोजून राहिले?”

आजूबाजूच्या बायकांची घासणी थांबली. बापूसाहेबांच्या हातात दोन ताटं होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि घरात गेले. त्यांनी आमचे पैसे पूर्ण दिले, एक रुपया कापला नाही, आणि तेव्हापासून मला त्या घरून फोन नाही. नको.

शोभा अजून भाड्याच्याच खोलीत आहे. माझ्याकडे अजून रोडगे वळते. गजानन तिला न्यायला येतो तेव्हा गेटच्या बाहेर थांबतो, आत येत नाही. मीही चहाला बोलावत नाही. माझा राग अजून निवलेला नाही आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

धंद्यात मात्र मी एक बदल केला. ऑर्डर घेताना पहिला प्रश्न तोच, घरटी की चूलबंद. त्याच्या लगेच मागे दुसरा: घरच्या बाईचा नंबर द्या. मी समोरच फोन लावते आणि विचारते, “बाई, ही पंगत तुमाले पायजे का?” पुरुषमाणसांना राग येतो. दोन-तीन मोठ्या ऑर्डरी गेल्याही हातच्या. एक जण तर म्हणाला, मावशी, तुमी आचारी हाय का पोलीस?

मी आचारीच आहे. पण पलीकडून बाई हो म्हणाली, तरच मी कणीक भिजवते.